मॉन्टू चाचणी: मोजणीचा दिवस ठरल्याशिवाय सुई नको

क्षयरोगाच्या संसर्गासाठी हातावरच्या त्वचेत द्रव्य टोचून, तेथे उमटणारा घट्टपणा मोजण्याच्या चाचणीला मॉन्टू म्हणतात. मुलाच्या मॉन्टू चाचणीचा कागद घेऊन पालक तालुक्याच्या डॉक्टरांसमोर बसतात, तेव्हा त्या कागदावर बहुधा एकच शब्द असतो: ‘पॉझिटिव्ह’ किंवा ‘निगेटिव्ह’. किती मिलिमीटर, किती तासांनी, कोणत्या ताकदीचे द्रव्य आणि कोणी मोजले, यांपैकी काहीच त्यावर नसते. अशा कागदाच्या आधारे डॉक्टरांना काहीच ठरवता येत नाही आणि मुलाला पुन्हा टोचावे लागते. हा लेख उपकेंद्रातील एएनएम (सहायक परिचारिका), समुदाय आरोग्य अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्रातील परिचारिका आणि नव्याने रुजू झालेले वैद्यकीय अधिकारी यांच्यासाठी आहे. त्वचेच्या थरात सुई देण्याचे कसब आपल्यापैकी बहुतेकांना बीसीजी लसीमुळे अवगत असते. चुका घडतात त्या मुख्यतः सुईच्या आधी आणि सुईनंतर, त्यामुळे येथे अधिक जागा त्या दोन भागांना दिली आहे.

टप्पा १ : चाचणी खरोखर हवी आहे का

क्षयरोगाच्या जंतूचा संसर्ग या मुलाच्या शरीरात कधीतरी झालेला आहे का, एवढ्याच प्रश्नाचे उत्तर ही चाचणी देते. ते जंतू आज आजार निर्माण करीत आहेत की निपचित पडून आहेत, हे तिला सांगता येत नाही. मूल जेवत नाही किंवा वजन वाढत नाही, तेव्हा ‘एकदा मॉन्टू करून बघू’ असे म्हणून ती लिहिणे म्हणजे प्रश्न न ठरवता उत्तर मागणे होय.

तिचा खरा उपयोग दोन प्रसंगी होतो. पहिला प्रसंग लक्षणे असलेल्या मुलाचा. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला किंवा ताप आहे, वजन घटले आहे किंवा वाढणे थांबले आहे, एक्स-रे संशय वाढविणारा आहे, परंतु मुलाला बेडका काढता येत नाही आणि जंतूंचा थेट पुरावा हाती लागत नाही. तेथे मॉन्टूचा आकडा इतर पुराव्यांना जोड देतो. दुसरा प्रसंग सहवासातील मुलाचा. घरात फुफ्फुसाच्या क्षयरोगाचा रुग्ण आहे, मूल पाच वर्षांचे किंवा त्याहून मोठे आहे, त्याला कोणतेही लक्षण नाही, आणि प्रतिबंधक उपचार द्यावा का हे ठरवायचे आहे. या वयोगटातही चाचणी उपलब्ध नसेल तर केवळ तिच्यासाठी उपचार अडवून ठेवू नये.

सावधान: घरातील फुफ्फुसाच्या क्षयरुग्णाच्या सहवासात असलेल्या पाच वर्षांखालील मुलाला लक्षणे तपासून आणि सक्रिय आजार नाही याची खात्री करून प्रतिबंधक उपचार सुरू करायचा असतो. त्यासाठी मॉन्टूची अट राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमात नाही. ‘औषधाची बाटली आली की चाचणी करू, मग गोळ्या देऊ’ या वाट पाहण्यात सर्वांत लहान आणि सर्वाधिक धोक्यातील मुलाचे महिने वाया जातात. या विषयातील ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

ज्या मुलाची चाचणी पूर्वी नोंदीनिशी पॉझिटिव्ह आलेली आहे, किंवा ज्याने क्षयरोगाचा उपचार घेतलेला आहे, त्याला पुन्हा टोचण्यात अर्थ नाही. उपचार लागू पडतो आहे का हे पाहण्यासाठीही ही चाचणी नसते, कारण आजार बरा झाल्यावरही प्रतिक्रिया बहुधा कायम राहते. पूर्वीच्या चाचणीत फोड आला असेल किंवा जखम झाली असेल, तर सुई हातात घेऊच नये.

टप्पा २ : आधी मोजणीचा दिवस, मग टोचण्याचा

मोजणी टोचल्यापासून ४८ ते ७२ तासांच्या आत व्हावी लागते. सोमवारी सकाळी ११ वाजता टोचले, तर बुधवारी ११ ते गुरुवारी ११ एवढाच अवकाश असतो. तारखा न मोजता तास मोजावेत, कारण सोमवारी दुपारी चारला टोचलेले मूल बुधवारी सकाळी नऊला आणले तर ते ४८ तासांच्या आत येते आणि घट्टपणा पूर्ण उभा राहिलेला नसतो.

सोमवार आणि मंगळवार हे टोचण्याचे सोयीचे वार आहेत. बुधवारी टोचल्यास शुक्रवारी किंवा शनिवारी मोजणारी व्यक्ती हजर आहे का हे आधी विचारून घ्यावे. गुरुवार आणि शुक्रवार शक्यतो टाळावेत, कारण मोजणी शनिवार-रविवारी येते किंवा सोमवारच्या पहिल्या काही तासांत कोंबावी लागते.

आपल्या भागात याहून मोठा अडथळा आठवडी बाजाराचा असतो. आई बाजाराच्या दिवशी गावातून निघते, त्याच फेरीत मुलाला दवाखान्यात आणते आणि ‘पुढच्या बाजाराला या’ असे ऐकले की आनंदाने हो म्हणते. बाजार सात दिवसांनी भरतो, तर ही चाचणी तीन दिवसांत संपते. बाजाराच्या दिवशी टोचायचे असेल, तर दोन दिवसांनी आपल्यापैकी कोणीतरी त्या गावात जाणार आहे याची तजवीज आधी असावी. माझ्या मते खेड्यातील मुलाला मोजणीसाठी पुन्हा बोलावण्यापेक्षा मोजणाऱ्याने गावात जाणे हेच अधिक भरवशाचे आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत दवाखान्याची दुसरी फेरी म्हणजे त्या कुटुंबाची एका दिवसाची मजुरी बुडणे, आणि ती बुडवून आई येईल अशी अपेक्षा ठेवून आखलेली योजना फसते.

सणही पाहावेत. पोळा आणि तान्हा पोळा हे लागोपाठचे दोन दिवस असतात, त्यामुळे पोळ्याच्या आदल्या दिवशी टोचलेले मूल तिसऱ्या दिवसापर्यंत हाती लागत नाही. मेळघाटात होळीच्या सुमारास बाहेरगावी कामाला गेलेली कोरकू कुटुंबे गावी परततात. मुले भेटण्यासाठी हा काळ उत्तम असतो, परंतु कुटुंब पुन्हा कधी निघणार हे विचारल्याशिवाय टोचू नये. पावसाळ्यात नाल्यापलीकडच्या गावांचा विचार वेगळा करावा लागतो. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, आणि टोचलेल्या मुलाचा हात पलीकडेच राहतो.

तपासा: कोण मोजणार, कोठे मोजणार आणि कोणत्या वेळी मोजणार, या तीन प्रश्नांची नाव, जागा आणि वेळ घालून उत्तरे लिहिता येत नसतील, तर आज टोचू नये. न टोचलेल्या मुलाला पुढच्या सोमवारी टोचता येते. टोचून न मोजलेल्या मुलाची चाचणी मात्र पहिल्यापासून करावी लागते, आणि दुसऱ्यांदा हात पुढे करायला ते मूलही तयार नसते आणि आईही.

टप्पा ३ : मुलाची चौकशी आणि नोंद

खोटे निगेटिव्ह येण्याची कारणे आधी विचारून घेतली नाहीत, तर नंतर शून्य मिलिमीटर या आकड्याचा अर्थ लावता येत नाही. म्हणून टोचण्यापूर्वी पुढील गोष्टी विचाराव्यात आणि नोंदवहीत लिहाव्यात.

पहिली गोष्ट पोषणाची. दंडाचा घेर मोजावा आणि वजन-उंची घ्यावी. सहा महिने ते पाच वर्षे वयात दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर मूल तीव्र कुपोषित आहे, आणि अशा शरीराला संसर्ग असूनही त्वचेवर प्रतिक्रिया उभी करण्याचे बळ नसते. मेळघाट आणि गडचिरोलीच्या दुर्गम भागांत ज्या मुलांच्या बाबतीत क्षयरोगाचा संशय सर्वाधिक येतो, त्यांच्याच बाबतीत ही चाचणी फसण्याची शक्यताही अधिक असते. चाचणी करावी, पण निगेटिव्ह आल्यावर समाधान मानू नये.

दुसरी गोष्ट गोवर आणि लसीची. नुकताच गोवर येऊन गेला असेल, तर काही आठवडे प्रतिक्रिया दबलेली राहते. गोवर-रुबेला लसीचेही तसेच आहे. ही लस आणि मॉन्टू एकाच दिवशी देता येतात. लस आधीच दिलेली असल्यास चार ते सहा आठवडे थांबावे. माता-बाल संरक्षण कार्ड स्वतः पाहावे, तोंडी उत्तरावर विसंबू नये. क्षयरोगाचा दाट संशय असलेल्या मुलाच्या इतर तपासण्या मात्र या कारणासाठी थांबवू नयेत.

तिसरी गोष्ट औषधांची. दम्यासाठी किंवा सुजेसाठी दोन आठवडे वा अधिक काळ स्टिरॉइड घेतलेल्या मुलात प्रतिक्रिया कमी येते. गावात मिळालेल्या सुट्या गोळ्यांच्या पुडीत काय होते हे आईला सांगता येत नाही, म्हणून पुडी किंवा उरलेली गोळी आणायला सांगावी.

याशिवाय एचआयव्हीची स्थिती, सहा महिन्यांखालील वय आणि घरातील रुग्णाशी सहवास कधी सुरू झाला, हेही लिहावे. संसर्ग झाल्यापासून चाचणी पॉझिटिव्ह होईपर्यंत दोन ते आठ आठवडे जातात, त्यामुळे कालपरवा सापडलेल्या रुग्णाच्या नातवाची आजची निगेटिव्ह चाचणी अखेरची समजू नये. बीसीजीचा व्रण आहे का हे नोंदवावे, परंतु त्यावरून पुढे आकड्यात वजाबाकी करू नये.

साधी सर्दी, हलका ताप किंवा जुलाब असल्यामुळे चाचणी पुढे ढकलण्याची गरज नाही.

टप्पा ४ : बाटली ओळखणे आणि थंड ठेवणे

बाटलीवरील ताकद वाचल्याशिवाय सिरिंज भरू नये. भारतात मुलांसाठी शिफारस आहे ती २ टीयू (ट्युबरक्युलिन युनिट) ताकदीच्या पीपीडी आरटी २३ या, क्षयजंतूंपासून शुद्ध केलेल्या प्रथिनाच्या द्रव्याची, आणि डोस ०.१ मिलिलिटर. औषध दुकानांत १, ५ आणि १० टीयूच्या बाटल्याही मिळतात. तालुक्याच्या दुकानातून पालकांकरवी बाटली मागविली की जी उपलब्ध असेल ती येते. १० टीयूची बाटली वापरू नये. अधिक ताकदीच्या द्रव्याने संसर्ग नसलेल्या मुलांतही घट्टपणा येऊ शकतो आणि पॉझिटिव्ह ठरविण्यासाठीची १० मिलिमीटरची रेषा निरर्थक होते. चिठ्ठीवर ‘मॉन्टू’ एवढेच न लिहिता ‘पीपीडी आरटी २३, २ टीयू’ असे पूर्ण लिहावे.

राष्ट्रीय कार्यक्रमात सायटीबी ही नवी त्वचा चाचणीही आली आहे. ती १८ वर्षे व त्यावरील वयासाठी आणली गेली असून तिची रेषा ५ मिलिमीटरची आहे. एकाच फ्रीजमध्ये दोन्ही बाटल्या असतील तर वेगवेगळ्या डब्यांत, मोठ्या अक्षरांत नाव लिहून ठेवाव्यात. बीसीजी लसीचा डबाही शेजारी नको, कारण टोचण्याची पद्धत सारखी असल्यामुळे घाईत हात चुकतो.

साठवण २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात आणि प्रकाशापासून दूर करावी. मे महिन्यात चंद्रपूर किंवा ब्रह्मपुरीकडे पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा मोटारसायकलच्या डिकीतून किंवा एसटीत खिडकीशी ठेवलेल्या पिशवीतून आणलेली बाटली बाहेरून अगदी नवी दिसते, पण तिच्यावर विश्वास ठेवता येत नाही. ती लसवाहकातूनच आणावी. उलट बाजूची चूकही तितकीच घातक असते: फ्रीजरमधून नुकत्याच काढलेल्या कडक बर्फपॅकला टेकून ठेवलेले द्रव्य गोठते, आणि एकदा गोठलेले द्रव्य टाकून द्यावे लागते. पॅक कंडिशन करून, म्हणजे हलवल्यावर आत पाण्याचा आवाज येऊ लागल्यावरच, लसवाहकात ठेवावेत. वीज किती तास गेली होती याची नोंद आयएलआरच्या (लस ठेवण्याच्या फ्रीजच्या) तापमानवहीत असतेच, ती पाहावी.

तपासा: बाटलीवर उघडल्याची तारीख लिहिलेली आहे का? बाटली उघडल्यानंतरची मुदत उत्पादकाच्या माहितीपत्रकात दिलेली असते. उघडून महिना उलटलेली, तारीख न लिहिलेली किंवा द्रव्यात कण दिसणारी बाटली वापरू नये. बॅच क्रमांक आणि मुदत नोंदवहीत उतरवावी.

टप्पा ५ : सिरिंज आणि तयारी

एक मिलिलिटरची ट्युबरक्युलिन सिरिंज आणि २६ किंवा २७ गेजची छोटी सुई घ्यावी. ती नसल्यास अनेक ठिकाणी इन्सुलिन सिरिंज वापरली जाते आणि तेथेच मोठा घोळ होतो. ४० युनिटच्या इन्सुलिन सिरिंजवर ०.१ मिलिलिटर म्हणजे ४ युनिटांची खूण, तर १०० युनिटच्या सिरिंजवर १० युनिटांची. ‘दहाच्या खुणेपर्यंत’ असे पाठ केलेल्या हातात ४० युनिटची सिरिंज आली, तर मुलाला अडीचपट डोस जातो. माझा आग्रह असा की ट्युबरक्युलिन सिरिंज मिळेपर्यंत चाचणी लांबवावी. एक दिवस थांबल्याने फारसे काही बिघडत नाही.

द्रव्य टोचण्याच्या अगदी आधी भरावे. सकाळी दहा सिरिंज भरून ट्रेमध्ये मांडून ठेवण्याची सवय वाईट आहे, कारण द्रव्यातील प्रथिन सिरिंजच्या भिंतीला चिकटून डोसची ताकद उतरते. हवेचे बुडबुडे काढून नेमके ०.१ मिलिलिटर ठेवावे.

ट्रेमध्ये स्पिरिटचा कापूस, पारदर्शक मिलिमीटर पट्टी, बॉलपेन, नोंदवही आणि सुई नष्ट करण्याची व्यवस्था असावी. तीव्र ॲलर्जी फार क्वचित होते, तरीही ॲड्रेनलिनसह आपत्कालीन ट्रे हाताशी हवाच.

टप्पा ६ : टोचणे

मुलाला आईच्या मांडीवर बसवावे. आईने एका हाताने मुलाची छाती कवटाळावी आणि दुसऱ्या हाताने मुलाचा उजवा हात धरावा. मूल थोडे मोठे असेल तर त्याच्याशी खोटे बोलू नये. ‘दुखणार नाही’ असे सांगून टोचले, तर मोजणीच्या दिवशी ते मूल पट्टी पाहूनच पळते. ‘मुंगी चावल्यासारखे होईल, दहा मोजेपर्यंत संपेल’ असे सांगितलेले अधिक चालते.

जागा डाव्या हाताची, कोपराच्या खाली ५ ते १० सेंटिमीटर, तळहाताकडची आतली बाजू. तेथे शीर, व्रण, खरूज किंवा पुरळ नसावे. अडचण असल्यास उजवा हात घ्यावा, पण तसे लिहून ठेवावे. स्पिरिटने पुसून जागा पूर्ण वाळू द्यावी.

डाव्या हाताने त्वचा हलकेच ताणावी. सुईचे तिरपे तोंड वर ठेवून, त्वचेला जवळजवळ समांतर, म्हणजे ५ ते १५ अंशांच्या कोनात, ती आत सरकवावी. तिरपे तोंड नुकतेच आत गेले आणि त्वचेखाली सुईची बाह्यरेषा दिसू लागली की थांबावे. मग द्रव्य सावकाश सोडावे. योग्य थरात असल्यास दट्ट्याला अवरोध जाणवतो आणि संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत, पांढरट फुगवटा वर येतो. त्याचा व्यास ६ ते १० मिलिमीटर हवा. दट्ट्या सहज सरकला आणि फुगवटा आला नाही, तर द्रव्य त्वचेखाली गेले असे समजावे.

फुगवटा मोजावा. तो ६ मिलिमीटरपेक्षा कमी असेल किंवा द्रव्य बाहेर गळले असेल, तर त्याच वेळी दुसऱ्या हातावर, किंवा त्याच हातावर पहिल्या जागेपासून निदान ५ सेंटिमीटर दूर, पुन्हा टोचावे, आणि मोजणी कोणत्या जागेची करायची हे नोंदवहीत स्पष्ट लिहावे. ‘थोडे तरी गेले असेल’ म्हणून तसेच सोडून दिलेल्या चाचणीचा शून्य आकडा कोणत्याही कामाचा नसतो.

सुई काढल्यावर जागा दाबू नये, चोळू नये, पट्टी लावू नये. रक्ताचा थेंब आल्यास कापसाने नुसता टिपावा. फुगवटा तासाभरात जिरतो. टोचलेल्या जागेभोवती पेनाने वर्तुळ काढण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. ते वर्तुळ जागा ओळखण्यापुरते आहे, त्याच्या कडेपर्यंत मोजायचे नसते.

सावधान: लगेच नोंद करावी. तारीख, नेमकी वेळ, हात, ताकद, बॅच, फुगवट्याचा आकार आणि टोचणाऱ्याचे नाव. दिवसाअखेर आठवून लिहिलेली वेळ अर्ध्या तासाने नव्हे, अर्ध्या दिवसाने चुकते.

टप्पा ७ : घरच्यांना काय सांगावे

आंघोळ चालते, खेळणे चालते, जेवणात काही वर्ज्य नाही. खाज आली तर थंड पाण्याची घडी ठेवावी, खाजवू नये. हे आईला सांगतोच. घरातील आजीलाही सांगावे, कारण सूज दिसली की औषध घरातूनच निघते. हळद-तेल, चुना किंवा बामामुळे त्वचा लाल होते आणि मोजणी बिघडते. बिब्ब्याने तर फोडच येतो, आणि मग तो मॉन्टूचा की बिब्ब्याचा हे कोणालाही सांगता येत नाही. ‘बिब्बा लावू नका’ हे शब्द नेमके उच्चारावेत. ‘काही लावू नका’ या वाक्यात घरगुती उपाय येत नाहीत असा समज सर्रास असतो.

आणखी एक गोष्ट बजावून सांगावी: सूज आली नाही तरीही यायचे आहे. काहीच दिसत नाही म्हणून घरी राहिलेल्या मुलाची नोंद शून्य मिलिमीटर अशी करता येत नाही, ती ‘मोजली नाही’ अशीच करावी लागते. परतीचा वार आणि वेळ कार्डावर लिहून द्यावी, घरचा किंवा शेजारचा मोबाईल क्रमांक घ्यावा आणि आशाताईंना त्याच दिवशी कळवावे.

टप्पा ८ : मोजणी

मोजायचा असतो तो घट्टपणा. लाली मोजायची नसते. ही एक ओळ पाळली गेली तर निम्म्याहून अधिक गोंधळ संपतो असे माझे मत आहे. लाली मोठी आणि घट्टपणा लहान असे वारंवार दिसते. सावळ्या त्वचेवर लाली दिसतच नाही आणि घट्टपणा मात्र बोटाला चांगला लागतो. म्हणून डोळ्यांआधी बोट वापरावे.

१. मुलाचा हात टेबलावर किंवा आईच्या मांडीवर आधार देऊन ठेवावा, कोपर किंचित वाकलेले असावे, उजेड बाजूने यावा.

२. बोटाच्या टोकाने हलका दाब देत बाहेरून मध्याकडे यावे आणि घट्टपणाची कड शोधावी. बोटावर भरवसा वाटत नसेल तर बॉलपेनची पद्धत वापरावी: घट्ट भागापासून एक-दोन सेंटिमीटर दूर पेन टेकवून ते हळूहळू मध्याकडे सरकवावे, आणि जेथे ते अडते तेथे थांबावे. मग समोरच्या बाजूने तसेच यावे. दोन्ही रेघांची टोके म्हणजे घट्टपणाच्या दोन कडा.

३. हे मोजमाप हाताच्या लांबीला आडवे घ्यावे, म्हणजे अंगठ्याच्या बाजूकडून करंगळीच्या बाजूकडे. मनगटाकडून कोपराकडे मोजलेला आकडा वेगळा येतो आणि तो ग्राह्य नाही. दोन्ही दिशांची सरासरीही काढू नये.

४. पारदर्शक पट्टीचा शून्य एका कडेवर ठेवून दुसरी कड वाचावी. कड दोन रेषांच्या मध्ये आली तर लहान आकडा लिहावा.

५. आकडा मिलिमीटरमध्ये लिहावा. घट्टपणा अजिबात नसेल तर ‘० मिमी’. फोड, पाणी भरणे किंवा जखम असल्यास आकड्यासोबत तेही लिहावे.

सावधान: नऊ किंवा अकरा आले की ‘दहाच धरू’ असा मोह होतो. ९ आणि १० यांत उपचाराचा निर्णय बदलू शकतो, म्हणून बोटाला जे लागले तेच लिहावे. शंका असल्यास दुसऱ्या प्रशिक्षित व्यक्तीने पहिला आकडा न पाहता पुन्हा मोजावे.

व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोवरून मोजणी होत नाही. फोटोत लाली दिसते, घट्टपणा दिसत नाही. ‘लाल झालं होतं जी, मग उतरलं’ हे आईचे सांगणे लक्षपूर्वक ऐकावे, पण आकड्याच्या जागी ते लिहू नये.

टप्पा ९ : आकड्याचा अर्थ

१० मिलिमीटर किंवा अधिक घट्टपणा पॉझिटिव्ह मानावा, मुलाला बीसीजी दिलेली असो वा नसो. एचआयव्ही असलेल्या मुलात ही रेषा ५ मिलिमीटरची आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात तीव्र कुपोषित मुलांसाठीही ५ मिलिमीटरच धरले जाते. अहवालावर आकडा, तास, ताकद आणि मुलाची स्थिती या चारही गोष्टी हव्यात, म्हणजे तालुक्याच्या डॉक्टरांना स्वतः निर्णय घेता येतो.

पॉझिटिव्ह आकड्यावर क्षयरोगाचा पूर्ण उपचार सुरू करणे ही चूक आहे, आणि पॉझिटिव्ह आल्यावर लगेच प्रतिबंधक गोळी देणे हीसुद्धा. आधी सक्रिय आजार नाही हे पाहायचे असते. लक्षणे विचारावीत, वजनाचा आलेख पाहावा, मानेच्या गाठी तपासाव्यात, छातीचा एक्स-रे काढावा. लक्षणे किंवा एक्स-रेमध्ये दोष आढळल्यास नमुना मिळवावा. बेडका काढू न शकणाऱ्या मुलात सकाळी उपाशीपोटी नळीवाटे जठरातील द्रव काढून तो क्षयजंतूंची जनुके शोधणाऱ्या सीबीनॅट किंवा ट्रूनॅट तपासणीला पाठवता येतो, आणि त्यासाठी मुलाला आदल्या संध्याकाळीच ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात पोहोचवणे सोयीचे पडते. सक्रिय आजार असताना एकट्या आयसोनियाझिड या प्रतिबंधक औषधाची गोळी दिली, तर जंतू त्या औषधाला दाद देईनासे होण्याचा धोका असतो.

सक्रिय आजार नाही असे ठरल्यावर सहवासातील मुलाला वजनानुसार प्रतिबंधक उपचार सुरू होतो. आयसोनियाझिड रोज सहा महिने, किलोमागे १० मिलिग्रॅम, ही परिचित पद्धत आहे. वैद्यकीय अधिकारी मुलाच्या वयानुसार दुसरी पद्धतही निवडू शकतात. नोंद निक्षय या क्षयरोग कार्यक्रमाच्या सरकारी पोर्टलवर व्हावी. आकडा २० आला म्हणून आजार गंभीर आणि ११ आला म्हणून सौम्य असे काही नसते.

निगेटिव्ह आकड्याने क्षयरोग नाकारता येत नाही. टप्पा ३ मधील नोंदी पुन्हा काढून पाहाव्यात, आणि संशय कायम असेल तर मुलाला पुढे पाठवावेच.

टप्पा १० : उशीर झाला तर, आणि पुन्हा टोचायचे तर

मूल ७२ तासांनंतर, पण सात दिवसांच्या आत आले तर परत पाठवू नये. मोजावे. घट्टपणा १० मिलिमीटर किंवा अधिक असेल तर तो पॉझिटिव्ह म्हणून ग्राह्य आहे आणि उशिराची नोंद करून पुढे जाता येते. त्याहून कमी असेल तर निष्कर्ष काढू नये. प्रतिक्रिया उतरून गेलेली असू शकते. अशा वेळी पुन्हा टोचावे, आणि यावेळी मोजणीला आपण स्वतः गावात जावे. बाजाराच्या दिवशी टोचलेले मूल पुढच्या बाजाराला आले, तर त्याची गत हीच होते.

पुन्हा टोचताना शक्यतो दुसरा हात घ्यावा. सहवास नुकताच सुरू झालेला असताना पाच वर्षांवरील निरोगी मुलाची पहिली चाचणी निगेटिव्ह आली असेल, तर सहवास तुटल्यापासून किंवा रुग्णावर उपचार सुरू झाल्यापासून आठ आठवड्यांनी ती पुन्हा करावी. तोपर्यंत दर भेटीत वजन आणि खोकला विचारावा.

फोड किंवा जखम झाल्यास जागा स्वच्छ व कोरडी ठेवावी, फोड फोडू नये, सैल व कोरडी पट्टी चालते. सहसा ती आपोआप भरते. मुलाच्या कार्डावर लाल शाईने ‘मॉन्टू पुन्हा करू नये’ असे लिहावे, आणि खाली मिलिमीटरचा आकडा व तारीख टाकावी, म्हणजे पुढच्या दवाखान्यात तोच हात पुन्हा टोचला जाणार नाही.